खोली नंबर चारचा खोडवा

खोली नं. ४,
विजयमाला निवास (चाळ म्हणायचं नाही, मालकीणबाईंना चालत नाही),
देवळाली प्रवरा, ता. राहुरी.
१६ जानेवारी

वडीलधारे मेव्हणे आप्पासाहेब यांसी,

तुमच्या बहिणीचे यजमान सहादेव यांचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण खोलीची लांबी बारा फूट, त्यात कॉट, कपाट आणि शिलाई मशीन. आडवा झालो तर निम्मा मी दाराबाहेर जातो आणि येणारे-जाणारे काय झालं म्हणून पाणी घेऊन धावतात. तेव्हा उभ्यानेच हात जोडतो, गोड मानून घ्या. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? त्या तेलाने उतार पडला की अजून उठताना आईचं नाव घेता? कर्जतला लिंबाला यंदा बहार बरा आहे असं ऐकतो, ऐकून बरं वाटलं. सुरेखा वहिनींचा तिळगूळ पोचला. गोडीला तोड नाही. कडकपणालाही नाही (हे वहिनींना वाचून दाखवू नका. माझी खालची दाढ तशीही हालतच होती).

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुमची बहीण फोन कानाला लावत नाही, कान गरम होतो म्हणते. स्पीकर लावून मोबाईल खिडकीत ठेवते, आणि मग तुमचं-माझं बोलणं सहाच्या सहा खोल्या ऐकतात. मागच्या वेळी तुम्ही मला विचारलंत, दाजी जेवण झालं का, तर दोन नंबरमधून कल्याण लाइनमन ओरडला, व्हय झालं, मेथी हुती. असल्या ठिकाणी गुपित बोलणार कसं? आणि मला बोलायचंय ते गुपितच आहे.

वरचा पत्ता वाचून दचकला असाल. बरोबरच वाचलात. पोर्च, झोपाळा आणि पुढे चाफा असलेलं आपलं घर सोडून मी खोली नंबर चारमध्ये राहतो. विजयमालाही इथेच असते, म्हणजे भांडून-बिंडून काही झालेलं नाही. फक्त तिच्या खोल्यांत मी अकरा महिन्यांच्या करारावर आहे, तो करार येत्या एकतीस तारखेला संपतोय, आणि ती पुढे वाढवणार की नाही हे अजून बोललेली नाही. मला धास्ती आहे ती ह्या एकतीस तारखेची. बाकी सगळं खुशाल.

आता मुळापासून सांगतो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चाळीस वर्षं काढून मी रिटायर झालो, तेव्हा फंडाचं काय करावं हे मला सोडून सगळ्या गावाला माहीत होतं. कुणी म्हणे सोनं घ्या, कुणी म्हणे टेम्पो घ्या, तुम्ही म्हणालात बोअर घ्या (तुम्ही कुठल्याही प्रश्नावर बोअरच सुचवता, त्याचा राग नाही). मी हिशेब घातला उसाचा. ऊस लावला तर दीड वर्षाने तोड येते. खोल्या लावल्या तर तोड दर महिन्याला, आणि वर टोळीच्या मुकादमाच्या पाया पडायला नको. म्हणून रस्त्याकडेचा सहा गुंठ्यांचा प्लॉट घेतला आणि सहा खोल्या ओळीत काढल्या, वर गच्ची आणि पाण्याची टाकी. खरेदीच्या वेळी तिथल्या लेखनिकाने सांगितलं, बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का वाचतो. मला वाटलं, वा! एक टक्का वाचवायला गेलो आणि शंभर टक्के घालवून आलो. प्लॉट, खोल्या, टाकी, टाकीवरचं झाकण, सगळं विजयमालाच्या नावावर. तेव्हा मला ती शुद्ध हुशारी वाटली होती. पेढेही मीच वाटले.

पहिलं वर्ष कारभार माझ्याकडे होता. पाटी लावली, खोल्या भाड्याने देणे आहे, आणि बाहेर खुर्ची टाकून बसलो. आता भाडेकरी पारखून घ्यावा हे कुणीही सांगेल, पण पारखायचा कसा? मला आपली एकच रीत ठाऊक, बाप-आज्यापासूनची. माणूस आला की पाणी द्यायचं आणि विचारायचं, गाव कोणतं? मग, मामाचं गाव कोणतं? आप्पासाहेब, ह्या जिल्ह्यात कुणालाही मामाचं गाव विचारू नका. तिसऱ्या प्रश्नाला तो पाहुणा निघतो. हा कल्याण लाइनमन बेलापूरचा, तरणाताठा, हातात पक्कड. मला वाटलं, चांगलं झालं, घरात वीज बघणारा आला. मामाचं गाव विचारलं तर निघालं मिरजगाव, आणि मामा कोण, तर तुमचे सख्खे साडू. झालं! मग चहा झाला. चहावर पोहे झाले. डिपॉझिटचा विषय त्याने स्वतः काढला, तर माझ्याच तोंडून निघून गेलं, असू द्या हो, घरच्या माणसाकडून कसलं डिपॉझिट. कराराचा कागद मी उशीखाली सारला.

असे सहा खोल्यांत तीन पाहुणे भरले. आणि पाहुण्याकडे भाडं मागायचं कुठल्या तोंडाने? मी पहिल्या तारखेला त्यांच्या दारावरून खाकरत जायचो. ते बिचारे बाहेर येऊन, खोकला लई दिवस झाला काका, काढा घ्या म्हणायचे. एकाने तर मला भाड्याऐवजी अडुळशाची बाटली आणून दिली. मी घेतलीही. (गुण चांगला आला, पण खोकलाच नव्हता.)

वर्षाने विजयमालाने माझी खुर्ची उचलून आत नेली. भांडली नाही, तुम्हाला तिचा स्वभाव ठाऊक आहे. नुसती म्हणाली, आता मी बसते. आणि दारामागे स्वतःच्या अक्षरात तीन ओळींचा कागद लावला. पहिली ओळ, कराराशिवाय खोली नाही. दुसरी, भिंतीला खिळा विचारून. तिसरी, येथे मामाचे गाव सांगू नये. लोक हसले, मीही हसलो, पण महिन्याभरात कारभार रुळावर आला हे मान्य केलं पाहिजे. ती कुणावर आवाज चढवत नाही. पहिल्या तारखेला ताटात हळदीकुंकू आणि चार वाफाळते कप घेऊन दारोदार जाते, चहा पाजते, आणि कप परत घेताना बशी तशीच पुढे धरून उभी राहते. बशीत भाडं पडेपर्यंत हलत नाही. चाळीस वर्षं मी उसाची वजनं केली, पण माणसाचं वजन तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मला वाईट वाटायला हवं होतं. तेवढं वाटलं नाही.

करारांना नावंसुद्धा तिनेच दिली. तुम्ही ज्वारी-लिंबाची माणसं, म्हणून सांगतो. आमच्याकडे उसाची पहिली लावणी ती लागण, आणि तोडणीनंतर त्याच बुडख्यातून जे दुसरं पीक फुटतं तो खोडवा. तसा नवीन भाडेकरी म्हणजे लागण आणि अकरा महिने झाल्यावर करार वाढवला तर खोडवा. नाही वाढवला तर रान नांगरलं. आता सगळी ओळ हीच भाषा बोलते. सहा नंबरची नर्स पूजा परवा कुणाला तरी फोनवर सांगत होती, मला खोडव्याला ठेवलंय. पलीकडचा माणूस घाबरला असणार.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत बँकेच्या राजेश्वरी मॅडम बदलून आल्या. त्यांना खोली नको होती, घर हवं होतं, पोर्चसकट. आईवडील सोबत, गाडी मोठी. विजयमालाने त्यांना सगळ्या खोल्या दाखवल्या आणि शेवटी आपल्या घरात चहाला नेलं. मॅडम झोपाळ्यावर बसल्या, चाफ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, असं काहीतरी पाहिजे होतं. विजयमाला माझ्याकडे वळली. आप्पासाहेब, ती नजर मी ओळखतो. ह्याच नजरेने तिने माझी पहिली स्कूटर विकली होती. रात्रीचं जेवण होईपर्यंत ठरूनही गेलं. पोरगं पुण्यात, दोघांना किती जागा लागते, चार नंबर रिकामाच आहे. मी म्हणालो, अगं पण झोपाळा? ती म्हणाली, झोपाळा घराबरोबर गेला.

सामान हलवलं तोवर मला वाटलं, आपण आपल्याच खोलीत चाललोय. पण इथे ते जुने पाहुणे आडवे आले. कल्याण आणि इतर दोघे कराराला तयारच नव्हते. घरच्या माणसांत कागद कशाला, म्हणत. (माझंच वाक्य, मलाच ऐकवत होते.) तेव्हा विजयमाला त्यांच्यासमोर म्हणाली, "माझ्या मालकांचा करार आधी करते. नवऱ्यापरीस जवळचा पाहुणा हाय का तुमच्यात कुनी?" तिघांची तोंडं बंद झाली. आणि माझं उघडंच राहिलं.

गेलो मग हर्षलच्या दुकानात. हा पोरगा स्टँडजवळ झेरॉक्स, अर्ज, करार असलं सगळं करतो, बोटं टकाटक चालतात. विजयमाला समोर स्टुलावर, मी मागे उभा. त्याने छापील नमुना उघडला आणि विचारलं, मावशी, मालकांचं नाव सांगा. आता बघा हं. अडतीस वर्षांत तुमच्या बहिणीने माझं नाव घेतलेलं नाही. मालक म्हणते, नाहीतर अहो म्हणते, नाहीतर नुसतं भांडं आपटते. मालक म्हटल्यावर तिच्या डोक्यात घराचा मालक येईल कसा? तिने पदर सावरला आणि भर दुकानात, झेरॉक्सला आलेल्या दहा माणसांसमोर, नाव घेतलं,

"पाटाला आलं पाणी, भिजलं उसाचं रान,
सहादेवरावांचं नाव घेते, राखून तुमचा मान."

दुकानात टाळ्या पडल्या. हर्षल इतका खूश झाला की त्याने टाळी वाजवून सहादेव टाइप केलं, आणि मग विचारलं, आता तुमचं नाव? तिने पूर्ण सांगितलं, विजयमाला सहादेव, वगैरे. ते गेलं खालच्या रकान्यात. चष्मा ती घरी विसरली होती, म्हणून त्याने बोट ठेवलं तिथे सही केली. मीही केली. बाहेर पडून मी रसवंतीपाशी कागद वाचला आणि डोळे पांढरे झाले. मालक सहादेव. भाडेकरू विजयमाला.

म्हणजे कागदाप्रमाणे तिच्या खोल्यांचा मालक मी, आणि ती माझ्याकडे भाड्याने राहते! तिथल्या तिथे मागे फिरून दुरुस्त करायला हवं होतं, हे मला कळतं. पण खरं सांगू? रिटायर झाल्यापासून कुठल्याच कागदावर माझ्या नावाआधी काही लागलं नव्हतं. मी तो शब्द दोनदा वाचला, कागदाची घडी घातली आणि गप्प बसलो. तिने कागद तसाच पेटीत टाकला, शालूखाली. किल्ली तिच्या कमरेला.

ह्यात गंमत अशी झाली की भाडं म्हणून आम्ही करारात कामं लिहिली होती. भाडेकरूने रोज मोटर चालू करून टाकी भरायची, जिना झाडायचा, जिन्यातले बल्ब बदलायचे. कागदाप्रमाणे ही सगळी कामं तिची! आणि गेले अकरा महिने करतोय मी. रोज सकाळी झाडू मारताना मनात येतं, अरे, मालक आहेस तू. पण बोलणार कसं? बोललो तर कागद बाहेर. टाकीही माझ्या हातून महिन्यातून दोन-तीनदा भरून वाहते, तेव्हा पाच नंबरपासून ओरडा सुरू होतो, काका, मोटर! त्यात कल्याणचा आवाज सगळ्यात मोठा. स्वतः लाइनमन, पण बटण बंद करायला खोलीबाहेर येणार नाही.

तरीही सुखात आहे, आप्पासाहेब. ह्यात तोंडदेखलं काही नाही. मोठ्या घरात ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, मी पोर्चमधून ‘काय?’ म्हणायचो, आणि असे तीन ‘काय?’ झाल्यावर दोघंही वैतागायचो. इथे ती कुजबुजली तरी ऐकू येतं. मशीनवर पूजाचे ब्लाउज शिवता शिवता ती दिवसभराचं सांगते, मी कॉटवर पाय वर घेऊन लसूण सोलतो. संध्याकाळी बाहेर कट्ट्यावर सगळी ओळ बसते, समोरून उसाच्या ट्रॉल्या जातात, मी नुसत्या नजरेने वजन सांगतो आणि पैजा लागतात. इतकी वर्षं एका छताखाली काढून तुमच्या बहिणीशी माझी ओळख ह्या बाराफुटीत झाली, असं म्हटलं तरी चालेल. हसू नका.

आणि आता ही एकतीस तारीख. गेल्या आठवड्यात एक शिक्षक नवरा-बायको खोली बघायला आले. त्यांना नेमकी चार नंबरच आवडली, पूर्वेची खिडकी म्हणून. विजयमाला त्यांना म्हणाली, एकतीसला जुना करार काढून बघते, खोडवा ठेवायचा का नांगरायचं ते. माझ्यासमोर म्हणाली! हसली की नाही ते पाठमोरी असल्याने कळलं नाही. आप्पासाहेब, खोली गेली तर मी दुसऱ्या खोलीत राहीन. मला भीती आहे ती जुना करार काढण्याची. तिच्या नावावर आयुष्यात एकच वस्तू झाली. तीही ह्या माणसाने कागदावर स्वतःची करून घेतली आणि अकरा महिने तोंड शिवून बसला, असं तिला वाटलं तर? ती बोलणार नाही काही. ती नुसती मशीन चालवत राहील. ते मला सोसणार नाही.

असो. लांबण लागली. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला जपा, पायऱ्या कमी चढा.

आपला,
सहादेव
(मालक, चुकून)

ता. क. : पत्राचं खरं काम राहिलंच. एकतीसच्या आत तिला फोन करा आणि मोठ्या भावाच्या अधिकाराने सांगा, नवरा-बायकोत करार-बिरार शोभत नाही, जुना कागद न वाचता चुलीत घाल. तुमचा शब्द ती मोडत नाही. स्पीकर चालू असेल, म्हणून जरा खाकरून, गंभीर आवाजात.

ता. क. दुसरा : वर मी मोठ्या घराची आठवण येत नाही अशा थाटात लिहिलंय. झोपाळ्याची येते. राजेश्वरी मॅडमना ते कळलंय, रविवारी अर्धा तास बसू देतात. हे विजयमालाला माहीत नाही.

ता. क. तिसरा : चुलीत घाल म्हणू नका, इथे गॅस आहे. बंबात म्हणा.

(ह्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात)

ती. दादास विजूचा नमस्कार. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडंच भाताची शितं मागितली, म्हणून पत्र हाताला लागलं. सगळं वाचलं. चष्मा त्या दिवशी पिशवीतच हुता. हर्षलनं काय छापलं ते मी सही करायच्या आधीच वाचलं. पोरगं तर लगेच दुरुस्त करून देत हुतं, मीच डोळ्यानं गप केलं. काट्यावर ह्यांच्या सहीबिगर एक गाडी हालत नव्हती, आन् रिटायर झाल्यापासून ह्यांना कुनी कशावर सही मागितली नव्हती. रसवंतीपाशी कागद वाचताना ह्यांचं तोंड मी लांबून बघितलं. असं खुललेलं लई वर्सांनी बघितलं. म्हटलं ऱ्हाऊ दे. खोल्या माझ्या नावावर हायेत ते सरकारात लिवलेलं हाय, झेरॉक्सवाल्याच्या कागदानं माझं काय जातंय? आन् मालक तर मी ह्यांना आधीपास्नंच म्हनते.

झोपाळ्याचं मला म्हाईत हाय. मॅडमला मीच सांगितलंय बसू द्या म्हनून. मास्तर-मास्तरनीला पाच नंबर देनार, तिथला मानूस एकतीसला खाली करतोय. चार नंबरला खोडवा ठेवलाय, जुन्या कागदावरच, नावं हायेत तशी.

पर दादा, तू येवढ्यात फोन करू नको. एकतीस तारीख जवळ आल्यापासून जिना दोन टाइम झाडला जातोय.